मागच्या गल्लीतल्या गाड्या

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. शाळेच्या फाटकावर एकोणीस वर्षं उभं राहायचं तर तोंड वाईटच लागतं. गोड बोलणारी बाई फाटकावर ठेवली तर आठ दिवसांत पालक वर्गात जाऊन बाकावर बसतील. मुलं मला मावशी म्हणतात, शिक्षक मावशी म्हणतात. माझी सख्खी नात पहिलीत आली तेव्हा तिलाही मी पहिल्याच दिवशी बजावलं, "शाळेत मी तुझी आजी नाही. मावशी म्हणायचं." सहा वर्षांची ती. तिने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "बरं, मावशीआजी." तिला आम्ही घरात ठकी म्हणतो.

फाटकाचे नियम माझेच. आठची शाळा, तर फाटक सात पन्नासला उघडणार. त्याआधी एक मिनिट नाही. थंडी असो, ऊन असो, मोठ्या बाईंचा भाचा असो. एकदा आत घेतलं की मुलं माझी जबाबदारी, आणि शिक्षक तर आठला पाच कमी असताना चहाचे कप धुवत असतात. तेव्हा थांबा बाहेर. एकोणीस वर्षांत या नियमाला कुणी हात लावला नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. होता असं म्हणते आहे, लक्षात घ्या.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक अरुंद गल्ली आहे, दुसऱ्या टोकाला बंद. त्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी, ती गल्लीवर उघडते. खिडकीशी आमच्या ह्यांची खुर्ची. हे एकतीस वर्षं शहराची बस चालवायचे. इंजिन मांडीशी, बाजूची काच उघडी, आणि पुढे दुसऱ्या बसचा धूर. आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. पण छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "दिवसाला किती ओढता?" हे म्हणाले, "आख्खं शहर." डॉक्टर हसले नाहीत. मला म्हणाले, "बाई, जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय तेवढं जपा. धुरापासून लांब ठेवा ह्यांना. एवढं केलंत तर काढतील बरीच वर्षं."

एवढंच काम होतं मला. धुरापासून लांब ठेवायचं.

म्हणून मोठ्या बाईंनी शाळेत हवेचं काम काढलं तेव्हा सगळ्यात जास्त मी पेटले. फाटकाच्या खांबावर हवा मोजायचं यंत्र बसवलं. वर आकडा, खाली दिवा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे तोंड बांधा. शाळा भरायच्या वेळी तो दिवा रोज लाल. साहजिकच होतं. एकेका पोरामागे एकेक गाडी, आणि प्रत्येकाला आपलं पोर फाटकाच्या कडीला नेऊन टेकवायचं. मोठ्या बाईंनी पालकांची सभा घेतली, पडद्यावर चित्रं दाखवली. जवळ राहणाऱ्यांनी चालत या, जरा लांबच्यांनी सायकलने, आणखी लांबच्यांनी बसने, आणि गाडी आणायचीच तर चार मुलं मिळून एक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळे गाड्या घेऊन आले.

तेव्हा फळ्याची कल्पना मी काढली. संगीताच्या वर्गातला एक जुना फळा फाटकाशी उभा केला. जी गाडी फाटकापर्यंत येईल तिचा नंबर मी खडूने फळ्यावर लिहिणार, दिवसभर तो तिथे राहणार. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा. मोठ्या बाई चाचरल्या. "मावशी, लोक चिडतील हो."

"चिडू देत. चिडले की चालतील."

पहिल्या दिवशी सव्वीस नंबर. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी सहा, आणि त्यातला एक माझ्या लेकीचा.

माझी लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. जावई परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतात. ही दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, साडेआठला तिला पांढरा डगला घालून उभं राहावं लागतं. बसने यायचं तर मधे एकदा बदलावी लागते, सव्वा तास जातो. म्हणून तिने जुनी का होईना, गाडी घेतली होती. डिझेलची. ठकीला माझ्या शाळेत घालायचा हट्ट माझाच. हे सगळं मला माहीत होतं. तरी ती फाटकाशी थांबली, आणि मी खडू उचलला. स्वतःच्या लेकीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको.

नुसता नंबर लिहून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी बोलले. मोठ्याने बोलले, वीस-पंचवीस आईबापांच्या देखत. "बापाची छाती धुराने गेली आणि लेक शाळेच्या दारात धूर सोडायला येते. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग!"

ठकी उतरली होती. ती आळीपाळीने दोघींकडे बघत राहिली. लेकीने काच वर केली आणि गेली. त्याआधी दर रविवारी दोघी घरी यायच्या. त्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला नाही. चूक तिची होती.

हे त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "नंबर लिहिलास ते ठीक. पण बोललीस कशाला?"

"मग काय आरती ओवाळू?"

"तसं नाही गं," ते म्हणाले, आणि खोकला आला म्हणून पुढचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी एक उंच गृहस्थ, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, माझ्याशी हुज्जत घालायला लागला. लांबून येतो, मुलीला बस लागते, गाडी कुठे लावू ते तरी सांगा. माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "कुठेही लावा. मागच्या गल्लीत लावा नाहीतर डोक्यावर घ्या. माझ्या फाटकावर दिसता कामा नये." तो गेला. मी ते विसरले. तोंडातून दिवसाला शंभर वाक्यं जातात, कोणतं कुठे जाऊन पडलं याचा हिशेब कोण ठेवतो.

दुसऱ्या आठवड्यात फळा कोरा राहिला. महिन्याभरात दिवा हिरवा झाला. खोटं बोलत नाही, काही जण खरंच बदलले होते. जुळ्यांची आई दोघांना दोन हातांना धरून चालत यायला लागली, तिचं स्वतःचं वजन उतरलं तेव्हा तिने मला पेढा द्यावा तसं हसून दाखवलं. एक आजोबा नातवाला सायकलच्या मागे बसवून आणायचे. सातवीतल्या मुली बसथांब्यावरून घोळक्याने बडबडत यायच्या. दुसऱ्या शाळांचे लोक बघायला आले. मोठ्या बाईंनी मला पुढे केलं, "ही सगळी आमच्या मावशींची करामत." माझा फोटो काढला, फळा आणि हिरवा दिवा दोन्ही दिसतील असा. मी त्या दिवशी नवीन स्वेटर घातला होता.

आणि घरी ह्यांचा खोकला वाढत होता.

आधी श्वासाचा पंप दिवसातून दोनदा लागायचा. तो चारदा लागायला लागला, मग सहादा. जिना उतरणं बंद झालं. बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायूचा आकडा खाली खाली यायचा. मी त्यांनाच बोल लावायची. श्वासाचे व्यायाम करत नाही, पाणी पीत नाही, थंडीत स्वेटर घालत नाही. डॉक्टरांनी औषध बदललं. खिडकीच्या कठड्यावर रोज काळी भुकटी साचायची. ती मी रोज फडक्याने पुसायची, फडकं पिळलं की पाणी शाईसारखं निघायचं, आणि मी मोठ्या रस्त्यावरच्या बांधकामाला शिव्या घालायची. माझ्या हातात ते फडकं होतं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

आणखी एक गोष्ट होती. मी पावणेसातला घरातून निघते आणि मुलं वर्गात गेली की साडेआठला चहापुरती घरी येते. तेव्हा हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले असायचे. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोनदा दाढी करणारा माणूस. मी थट्टा करायची, "काय हो, कुणी बघायला येणार आहे की काय?" हे म्हणायचे, "येईल कुणी." खिडकी बंद असायची, आणि हे दमलेले, पण चेहरा कसा टवटवीत. मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

मग तो मंगळवार. सायकलींच्या छपराची किल्ली मी घरी विसरले. सात चाळीस झाले होते. एकोणीस वर्षांत त्या वेळी मी फाटक सोडलं नव्हतं. झाडूवाल्या बाईला म्हटलं, जरा उभी राहा, आलेच. आणि वळसा घालून गल्लीच्या तोंडाशी आले.

गल्लीत अकरा गाड्या होत्या. भिंतीला लागून एकामागे एक, पार बंद टोकापर्यंत. सगळ्यांच्या काचा वर, आत हीटर, आत उबेत बसलेली मुलं डबे चाचपत होती, आईबाप मोबाईल बघत होते. आणि अकराच्या अकरा इंजिनं चालू. दोन्हीकडे भिंती, वारा कुठून येणार. धूर जमिनीपासून वर चढला होता आणि पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन थांबला होता. माझे डोळे चुरचुरले. मी रुमाल तोंडाला लावला.

आमची खिडकी सताड उघडी होती. हे खुर्चीतून उठून कठड्यावर कोपरं टेकून वाकले होते. स्वच्छ दाढी, निळा शर्ट. एका हातात फोन कानाला लावलेला, दुसऱ्या हाताने मधेच कान ओढून दाखवत होते, नाक चपटं करत होते. खिडकीच्या बरोबर खाली लेकीची गाडी. मागच्या काचेला ठकीने नाक लावलं होतं आणि ती हसून हसून लोळत होती. पुढे लेक, तिच्याही कानाला फोन, मान वर करून बापाकडे बघत हसत होती. तिला हसताना मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

शहाणी बाई असते तर तिथेच थांबली असती. मी पहिल्या गाडीच्या टपावर थाप मारली. मग दुसऱ्या. "इंजिन बंद करा! माणसं राहतात इथे! बंद करा म्हणते ना!"

काच खाली झाली. तोच उंच गृहस्थ. "मावशी, तुम्हीच सांगितलंत की. मागच्या गल्लीत लावा म्हणून. मी सगळ्यांना ग्रुपवर तसं कळवलं."

"म्हणून इंजिन चालू ठेवून बसायचं?"

"मग पोरांना गारठ्यात उभं करू? तुमचं फाटक सात पन्नासच्या आधी उघडतं कुठे?" मागच्या गाडीतली बाई म्हणाली. "आम्हाला काय हौस आहे का इथे ताटकळायची?"

मी वर बघितलं तर खिडकी बंद झाली होती. लेकीने ठकीला हाताला धरून उतरवलं आणि माझ्याकडे न बघता फाटकाकडे चालत गेली. ठकी मागे वळून वळून बघत होती.

साडेआठला घरी गेले तेव्हा हे पंप ओढत होते. मी थांबले. मग सोडलं तोंड. "किती दिवस चाललंय हे?"

"तू फळा लावलास तेव्हापासून. आठवडाभराने ती यायला लागली इथे. वीस मिनिटं असतात रोज."

"आणि तुम्ही खिडकी उघडून बसता? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"काच बंद ठेवली तर ठकीला मी दिसत नाही. उजेड पडतो काचेवर."

"तिला खाली सांगायचं तरी, इंजिन बंद कर म्हणून!"

"पोरगी सारखी सर्दीने भरलेली असते. हीटर लागतो." मग दम घेऊन म्हणाले, "तिला मी सांगितलंय की डॉक्टर म्हणाले, सुधारतोय. तू बोलू नकोस तिच्याकडे काही."

"ती वीस मिनिटं तुमचा जीव घेतायत, कळतंय का तुम्हाला?"

"एकतीस वर्षं स्टिअरिंगवर होतो गं. धूर काय करतो ते मला शिकवू नकोस." ते रागावले नव्हते. "वर यायला ती तयार नाही. का नाही ते तुला माहीत आहे. मग मी काय करायचं? स्वच्छ हवेत एकट्यानं बसायचं?"

मी रडले. ते मला आवडत नाही, पण रडले. मला त्यांचा राग आला, लेकीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. आता यातून एकच सरळ रस्ता होता. लेकीला फोन लावायचा, म्हणायचं, बाई माझं चुकलं, गाडी लांब लाव, पण वर ये. दोन मिनिटांचं काम.

मी ते केलं नाही. मी आधी दुसरं काम हातात घेतलं, कारण ते मला येत होतं. मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मावशी, गल्ली शाळेच्या हद्दीत नाही. आणि आपला आकडा तर फाटकाचा आहे, तो छान आहे." मग मी गल्लीतल्या सहाही दारांवर गेले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वॉर्डातल्या कचेरीत दोन दुपारी बसून राहिले. शुक्रवारी गल्लीच्या तोंडाला दोन खांब आणि साखळी लागली. फाटकही मी सोमवारपासून साडेसातला उघडायला लागले. एकोणीस वर्षांचा नियम एका दिवसात गेला आणि कुणाचं काही बिघडलं नाही, शिक्षक कप जरा लवकर धुवायला लागले एवढंच. मला वाटलं, आता गाडी आत येत नाही म्हटल्यावर लेक चालत येईल. चालत आली की जिना समोरच आहे.

लेकीला ती साखळी दिसली आणि तिला वाटलं, आईने मला तिथूनही हाकललं. तिने तसं ठकीबरोबर कळवलंही. ठकी फाटकातून आत येताना थांबली आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "आई म्हणाली, आजीला सांग, आता आम्ही तुझ्या गल्लीपासून पाचशे पावलं लांब थांबू, खूष हो." मग तिने विचारलं, "मावशीआजी, आजोबा खिडकीत का नाही दिसत आता?"

बाकीच्या गाड्या पुढच्या गल्लीत जायला लागल्या. तिथेही कुणाची तरी खिडकी असेलच.

आमची गल्ली स्वच्छ झाली. कठड्यावर फडकं फिरवलं तर पांढरंच्या पांढरं. हे खिडकी उघडून बसायचे, खाली मोकळा रस्ता, एखादं मांजर. चार दिवस दाढी केली, पाचव्या दिवशी नाही. मी म्हणायची, बघा, हवा कशी छान आहे. ते म्हणायचे, हो छान आहे. त्यांचा फोन वाजायचा, लेक दुपारी बोलायची, पण हे एका वाक्यात दमायचे आणि दमल्याचं तिला कळू नये म्हणून झोप येते म्हणून ठेवून द्यायचे. मी समोर बसून ऐकायची. फोन हातातून घ्यावा आणि बोलावं, असं रोज मनात यायचं. उद्या, म्हणायची मी. आधी ह्यांना जरा बरं वाटू दे.

दहाव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर हे खुर्चीत पुढे वाकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळे. शेजारच्यांनी रुग्णवाहिका बोलावली. तिच्यात बसल्यावर मी लेकीला फोन केला. तीन महिन्यांनी तिच्याशी माझे पहिले शब्द हे की, बाबांना दवाखान्यात नेतेय.

ती बसने आली. गाडी दवाखान्यापाशी लावायला जागा मिळत नाही म्हणून म्हणाली, पण कारण तेवढंच नसावं. दोन बसगाड्या बदलून, पांढरा डगला तसाच अंगावर. मी वॉर्डाच्या दाराशी उभी होते. ती माझ्या शेजारून आत गेली, आणि खाटेशी जाऊन थबकली. खिडकीतला माणूस आणि हा माणूस यांत केवढा फरक होता ते तिला दिसलं. खिडकीतून तिला कमरेच्या वरचा निळा शर्ट आणि चेष्टा दिसायची. हाडं दिसायची नाहीत.

डॉक्टर मुलगी तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. कागद चाळत तिने विचारलं, "घरात कोळसा, रॉकेल असं काही जाळता?"

"नाही," मी म्हटलं.

"मग घराजवळ गाड्या थांबतात का? जुना आजार आहे तो आहेच. पण मागचा फोटो आणि हा फोटो यांत फार फरक आहे. या दोन-तीन महिन्यांत धूर खूप गेलाय आत. रोज गेल्यासारखा." मग तिने आवाज खाली आणला. "घरी न्यायचं वगैरे आत्ता मनात आणू नका. जवळच्यांना बोलावून घ्या."

ती गेली. लेक खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होती. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. पहिलीपासून तिचं गणित चांगलं. दोन-तीन महिने. रोज. वीस मिनिटं.

"बाबा म्हणाले होते, डॉक्टर म्हणतात सुधारतोय," ती म्हणाली.

मी ह्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"मी रोज बरोबर खिडकीखाली लावायची. ठकीला नीट दिसावं म्हणून. बाकीच्यांच्या आधी यायची मी, ती जागा जायला नको म्हणून." तिने माझ्याकडे वळून बघितलं. "आई, मी इंजिन चालू ठेवायची."

मी आयुष्यात कुणाला सूट दिलेली नाही. शिक्षकांना नाही, पालकांना नाही, ह्यांना नाही, पोटच्या पोरीला तर नाहीच. आणि मी त्या मंगळवारी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तिच्या गाडीच्या मागची नळी थरथरत होती, धूर सरळ आमच्या कठड्याकडे चढत होता.

"तुझं इंजिन बंद होतं," मी म्हटलं.

"आई, चालू असायचं. हीटर..."

"बंद होतं. मी बघितलं ना त्या दिवशी. दहा गाड्या चालू होत्या, तुझी एकटीची बंद होती. मला दिसतं अजून चांगलं."

ह्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं होतं झोपलेत. त्यांनी डोळे उघडले, नळीच्या मास्कमागून लेकीकडे बघितलं आणि मान हलवली. हो, बंद होतं. मग पुन्हा हलवली. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

"त्या गाड्या तिथे मी पाठवल्या," मी म्हटलं. "फाटक उशिरा मी उघडायची. तुला सगळ्यांसमोर बोलले मी. त्या दिवशी नुसतं वर ये म्हटलं असतं तर खिडकीची गरजच नव्हती. काय बोलायचं ते मला बोल."

ती स्टूल ओढून बापाच्या हातापाशी बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. आम्ही दोघी होतो, ठकीही होती.

आता ठकी आणि लेक सहाची बस धरतात, आणि सव्वासातला आमच्याकडे येतात; फाटक उघडायच्या आधी मीही दहा मिनिटं घरी येते, आणि दूध पिऊन ठकी शाळेत जाते. गाडी लेकीने विकून टाकली. मी विकायला सांगितलं नव्हतं. उलट मी म्हटलं, अगं असू दे, पावसापाण्याला लागेल, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून दूध तापवायला गेले. दुधाचा पेला धुताना ती अजूनही एखाद्या दिवशी माझ्याकडे पाठ करून विचारते, "आई, खरं सांग. बंद होतं?"

मी म्हणते, बंदच होतं. कितीदा तेच तेच विचारशील, असं ओरडतेसुद्धा. मी इतक्या जोरात ओरडते की तिने विश्वास ठेवावा, आणि ती पेला पालथा घालून बसला उशीर होईल म्हणून निघून जाते.